सल्ला हवा: सिनेमॅटोग्राफी शिकायचीय, ३५ हजारांत कोणता कॅमेरा?

अजिंक्यतारा_पायथा: नमस्कार मंडळी. साताऱ्यात राहतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पदवी झाली की पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची प्रवेश परीक्षा द्यायचीय. तोवर हात बसवायला कॅमेरा हवाय. बजेट ३५ हजार, त्यावर एक रुपया नाही. शिकवण्या घेऊन साठवलेत.

लग्नसराई_कराड: भावा, थोडं थांब, लाखभर जमव आणि फुल फ्रेमच (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे. मी घेतला, पहिल्याच सीझनला निम्मे पैसे वसूल. आता ड्रोनपण आहे.

पाचगणीकर: जुना घेणार असशील तर लेन्समध्ये टॉर्च मारून बघ. मी १८ हजारांना लेन्स आणली, घरी येऊन बघतो तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. विकणाऱ्यानं नंतर फोनच उचलला नाही.

वाईकर_मामा: 'स्वदेस' आमच्या वाईत झाला तेव्हा मी आठवीत होतो, शाळा बुडवून घाटावर बसायचो. त्याच्या छायालेखनासाठी महेश अणे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शूटिंग लागलं की जाऊन उभा राहा.

मेणवली_घाट: वाईत नाही, मेणवलीत. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट तो. दरवेळी नाव वाईचं होतं.

वाईकर_मामा: तालुका वाईच ना?

लग्नसराई_कराड: परत सांगतो, फुल फ्रेम.

कृष्णाकाठ_सांगली: बाळा, मी मुंबईत १२ वर्षं लाइटमन होतो. कॅमेऱ्याचं नंतर, आधी उजेड बघायला शीक. गुरुदत्तच्या 'कागज़ के फूल'मधला स्टुडिओतला तो उजेडाचा झोत दिव्याचा नाही. १९५९ च्या त्या चित्रपटासाठी व्ही. के. मूर्तींनी बाहेरचं ऊन आरशांवरून आत घेतलं. चित्रपट पडला, पण छायालेखनाचं फिल्मफेअर मूर्तींना मिळालं. पुढे फाळके पुरस्कार मिळवणारे पहिले छायालेखकही तेच. सत्यजित रायांचे छायालेखक सुब्रत मित्रांनी त्यांच्या 'अपराजितो'ला बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं, वर पांढरं कापड ताणलं आणि खालून त्यावर दिवे मारले. अंगणात उतरतो तसा मऊ उजेड आला. तू आईला खिडकीशी बसव. अंधाऱ्या बाजूला थर्माकोल धर, आधी हातभर लांब, मग वीतभर. डोळ्याखालची सावली कशी पातळ होत जाते ते बघ. याला मोबाईलसुद्धा चालतो.

पाचगणीकर: हेच म्हणणार होतो. आणि टॉर्च विसरू नको.

लग्नसराई_कराड: ट्यूबलाइटखाली शटर १/५० सेकंदावर ठेव, नाहीतर चित्रात पट्टे येतात. माझा एक अख्खा साखरपुडा त्यात गेला.

अजिंक्यतारा_पायथा: सगळ्यांचे आभार. मी जुना रोलचा कॅमेरा घेतला, ९ हजारांना. टॉर्च मारून बघितला, काच स्वच्छ आहे. एका रोलमध्ये ३६ च फोटो, त्यामुळे बटण दाबायच्या आधी उजेडाकडे बघावंच लागतं. थर्माकोल धाकट्या बहिणीनं धरला. पहिल्या रोलमधले ११ फोटो आईचेच आहेत. आज धुवायला पुण्याला पाठवला.

लग्नसराई_कराड: रोल? आजच्या काळात? पैसे घालवलेस गड्या.

कृष्णाकाठ_सांगली: धुऊन आला की इथे टाक. वाट बघतोय.

पाचगणीकर: पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात ठेव, सोबत ओल शोषायला सिलिका जेल.