फाँडंट केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवू की बाहेर? शनिवारच्या आत मदत हवी आहे

नेरूळला राहते. ऑर्डरी घेत नाही, घरच्यांपुरते केक करते. शनिवारी संध्याकाळी भाच्याचा पहिला वाढदिवस आहे, घोडबंदर रोडच्या एका हॉलमध्ये. केक मीच करणार असं वहिनीने परस्पर जाहीर करून टाकलंय. अडीच किलो, दोन मजली, वरून फाँडंट (साखरेच्या मळलेल्या गोळ्याचा लाटून घातलेला थर) आणि डोक्यावर त्याचाच हत्ती.

धास्ती का, ते सांगते. गेल्या जुलैत लेकीचा केक रात्रभर फ्रिजमध्ये होता. सकाळी काढला आणि झाकण उघडून फोटो काढत बसलो. वीस मिनिटांत फाँडंटला दरदरून घाम! लाल झालरीचा रंग पांढऱ्यावर ओघळला, सशाचा एक कान वाकत वाकत पार खाली आला. लेक म्हणाली, "आई, ससा झोपला."

बाहेर ठेवावा तर आत व्हिप्ड क्रीम आणि अननस, आणि हवा ही अशी दमट. शिवाय फ्रिजमध्ये सुकटीचा डबा आहे, तो वेगळाच प्रश्न. गाडीतून न्यायचा म्हणजे दीड तास धरायलाच हवा. काय करू?

प्रतिसाद १:
ताई, घाम केकचा नाही, हवेतला आहे. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून थेंब येतात ना, तेच. फाँडंट म्हणजे साखर, ती ते पाणी पिते आणि चिकट होते. केक पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून, खोक्याला बाहेरून प्लॅस्टिक गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोकं उघडायचं नाही, म्हणजे थेंब प्लॅस्टिकवर जमतात. गाडीत एसी लावा, केक मांडीवर नको, पायाशी सपाट जागेत ठेवा. तरी थेंब आलेच तर पुसू नका, डाग पडतात. पंख्याखाली आपोआप सुकतात.

प्रतिसाद २:
मी तर क्रीमच रद्द करेन. आत गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये विरघळवलेलं चॉकलेट, भरा. डार्क चॉकलेट असेल तर दोन भागांना एक भाग क्रीम, व्हाइटला तीनास एक. घट्ट बसतं, फाँडंटलाही आधार मिळतो. क्रीम-अननसाचाच हट्ट असेल तर फ्रिजबाहेर एकूण दोन तासांच्या वर नको, आणि त्यात प्रवासही मोजा. तुमचा दीड तास तिथेच गेला. एक वर्षाची पोरं खाणार आहेत, हे विसरू नका.
हत्ती फ्रिजमध्ये अजिबात नको. फाँडंटमध्ये चिमूटभर सीएमसी पावडर (फाँडंट कडक करणारी, खायची) मळून आत्ताच करा, चार दिवस सुकू द्या, वेगळ्या डब्यातून न्या आणि हॉलवर बसवा.

धागाकर्ती:
गनाशच करते मग. अननस वहिनीने सांगितलं होतं, तिला फोन करून समजावते. हत्ती आजच मळायला घेते, सोंड आधी. सुकट शेजारच्या काकूंकडे रवाना झाली आहे. परत येईल असं वाटत नाही.