मदत हवी आहे : एलिफंट हॉकमॉथचा कोष हिवाळाभर कसा सांभाळावा?

नमस्कार. मी इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहतो. सप्टेंबरच्या मध्यावर अंगणातील फ्यूशियाच्या झुडपाखाली मला बोटाएवढी जाड, करड्या-तपकिरी रंगाची एक अळी फरशीवरून लगबगीने जाताना दिसली. तिला काडीवर घेऊ लागताच तिने सोंडेसारखे निमुळते डोके आत ओढले आणि त्यामागचा भाग असा फुगवला की त्यावरचे डोळ्यांसारखे चार ठिपके पाहून क्षणभर सापाचे पिल्लूच वाटले. शेपटाकडे आखूड शिंग होते. त्यामुळे ही एलिफंट हॉकमॉथची, म्हणजे डायलेफिला एल्पेनॉर या पतंगाची अळी आहे, याविषयी मला शंका नाही.

माती आणि पालापाचोळा घातलेल्या डब्यात ठेवल्यावर दोन दिवसांत तिने पानांना विरळ रेशमी धाग्यांनी जोडून घेतले आणि आता तिथे तपकिरी कोष आहे. त्याला अलगद स्पर्श केला की टोकाकडचा भाग वळवळतो, म्हणजे तो जिवंत आहे.

माझी अडचण पुढे आहे. लहानपणी कोल्हापुरात आमच्या तगरीवर येणाऱ्या हॉकमॉथच्या अळ्या मी पाळल्या आहेत. पण तिथे दोन-तीन आठवड्यांत पतंग बाहेर येत असे. इथला हा जीव मात्र संपूर्ण हिवाळा कोषात काढून मे महिन्याच्या सुमारास बाहेर येतो आणि तिन्हीसांजेनंतर हनीसकलच्या फुलांवर मध प्यायला जातो. गुलाबी आणि ऑलिव्ह रंगाचा हा पतंग नुसत्या ताऱ्यांच्या उजेडातही रंग ओळखतो, हे स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली प्रयोगाने दाखवले आहे. घरातील हीटरच्या उबेने तो जानेवारीतच बाहेर पडला, तर त्याला ना फूल मिळेल ना जोडीदार, आणि ते पाप माझ्या माथी येईल.

म्हणून डबा न तापवलेल्या शेडमध्ये हलवण्याचा विचार आहे. तिथे उंदरांची ये-जा असल्याने झाकण जाळीचे ठेवीन. परंतु माती कितपत ओलसर असावी? कोरडी पडली तर कोष वाळेल आणि जास्त भिजली तर बुरशी धरेल, अशी दोन्हीकडून भीती वाटते. कोष पानांच्या आवरणातून काढू नये, असे माझे मत आहे. ते बरोबर आहे का? बाहेर आल्यावर पंख सुकेपर्यंत त्याला लटकता यावे म्हणून आत खरखरीत काडी आतापासूनच रोवावी की वसंतात? की हे सारे सोडून कोष पाल्यासकट कुंपणाखाली ठेवणेच अधिक सुरक्षित आहे? युरोपात ज्यांनी असे कोष हिवाळाभर सांभाळले आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.