टॅपिंग थेरपीने मनाचा त्रास कमी व्हायला किती काळ लागतो?

मोगरा:
दोन वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या घाटात आमच्या गाडीला अपघात झाला. कोणाला गंभीर इजा झाली नाही, परंतु तेव्हापासून घाट लागला की मागच्या सीटवर बसूनही माझी छाती धडधडते आणि आता तर मी पुण्याला जाणेच टाळते. त्यातच गेल्या वर्षी वडील गेले, आणि तेव्हापासून झोपही नीट लागत नाही. एका परिचितांनी टॅपिंग थेरपी, म्हणजे ईएफटी (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स; त्रासाची आठवण काढत शरीरावरच्या ठरावीक बिंदूंवर बोटांनी ठोकण्याची पद्धत), सुचवली आहे. ज्या बाई ती शिकवतात त्या आठ सत्रांचे पैसे आगाऊ मागतात; यूट्यूबवर मात्र दहा मिनिटांत भीती जाईल असे सांगणारे व्हिडिओ आहेत. प्रत्यक्षात फरक केव्हा जाणवतो, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

उंबरठा:
मी ईएफटी शिकवतो, त्यामुळे माझे मत थोडे झुकलेले असेल हे गृहीत धरूनच वाचा. तळहाताच्या कडेपासून सुरुवात करून भुवई, डोळ्याची कड, डोळ्याखाली, नाकाखाली, हनुवटी, कॉलरबोन, काखेखाली आणि डोक्याचा माथा या ठिकाणी बोटांनी हलके ठोकत एक फेरी पूर्ण करायला दोन-तीन मिनिटेच लागतात, आणि तेवढ्यात त्रासाचा आकडा (शून्य म्हणजे त्रास नाही, दहा म्हणजे सर्वाधिक) आठवरून पाचवर आलेला अनेकदा दिसतो. मात्र ‘घाटाची भीती’ म्हणून सगळे एकदम घेतले की काम रेंगाळते. ब्रेकचा आवाज, समोर आलेला ट्रक, काच फुटण्याचा क्षण, असा एकेक प्रसंग निराळा घ्यावा, प्रत्येकाला शून्य ते दहा असा आकडा द्यावा आणि तो खाली आल्याशिवाय पुढच्या प्रसंगाकडे जाऊ नये. अशा एका अपघाताला साधारणपणे काही आठवडे द्यावे लागतात. वडिलांच्या दुःखाचे वेळापत्रक मात्र कोणी देऊ नये, आणि तो आकडा शून्यावर आणण्याचा अट्टहासही करू नये.

ठाणेकर_मानस:
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉजर कॅलाहान यांच्या टॅपिंगच्याच पद्धतीवरून गॅरी क्रेग या अभियांत्रिकी शिकलेल्या गृहस्थांनी 1990 च्या दशकात ईएफटी तयार केली. अमेरिकेतील माजी सैनिकांवरच्या 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक-एक तासाच्या सहा सत्रांनंतर बहुतेकांची आघातोत्तर (पीटीएसडीची) लक्षणे निदानाच्या मर्यादेखाली आली होती. हे उत्साहवर्धक आहे, पण तुलना प्रतीक्षायादीतल्या लोकांशी होती, दुसऱ्या उपचाराशी नव्हती. शिवाय 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी ठरलेल्या बिंदूंवर, काहींनी हातावरच्या भलत्याच जागी, तर काहींनी चक्क बाहुलीवर ठोकले, आणि तिन्ही गटांची भीती कमी झाली. काहीच उपचार न केलेल्या गटाची झाली नाही. म्हणून माझा कल असा आहे की गुण बिंदूंचा कमी आणि भीतीदायक आठवण सुरक्षित जागी बसून पुन्हा पुन्हा पाहण्याचा अधिक असावा. विशिष्ट भीतीसाठी टॅपिंगशिवायही, स्वीडिश मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ओस्ट यांनी मांडलेल्या, भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याच्या पद्धतीने, सुमारे तीन तासांच्या एकाच सत्रात पुष्कळ सुधारणा होते.

पारिजात:
बाहुलीचा प्रयोग रोचक आहे, तरीही मला मीटिंगमध्ये बोलण्यापूर्वी टॅपिंगचा उपयोग होतो आणि तो कशामुळे होतो याची मला फारशी चिंता नाही. पहिल्याच बैठकीत हलके वाटले, पण ते हलकेपण दुसऱ्या दिवशी टिकले नाही. रोज थोडा वेळ करत राहिल्यावर काही आठवड्यांनी खरा बदल दिसला. आठ सत्रांचे पैसे मात्र आगाऊ देऊ नका. दोन-तीन सत्रांनंतर आकडा जागचा हलत नसेल, तर पुढच्या पाचांनी तो हलेल असे मानायला आधार काय?

मोगरा:
सर्वांचे आभार. आकडा खाली आला, पण घाटात जायची हिंमत झाली नाही, तर त्याला बरे होणे म्हणावे का?

ठाणेकर_मानस:
नाही म्हणता येणार. खुर्चीत बसून आकडा दोनवर येणे ही अर्धी वाट आहे, म्हणून टॅपिंग केले तरी त्याच्या जोडीला घाटाकडे टप्प्याटप्प्याने जायला हवे: आधी घाटाचा व्हिडिओ, मग खोपोलीपर्यंतचा प्रवास, मग दिवसाउजेडी विश्वासातल्या माणसाशेजारी बसून पूर्ण घाट. टाळणे कमी झाले की नाही, हे महिन्याभरात कळावे. झोपेचा प्रश्न यात मिसळू नका. तो इतके महिने टिकला आहे, तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांना आताच भेटा, टॅपिंगचा निकाल लागण्याची वाट पाहू नका. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदाही मनात आला, तर टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर लगेच फोन करा. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, रात्रीही सुरू असते आणि मराठीतही बोलता येते.

उंबरठा:
यास सहमत. शिकवणाऱ्या बाईंना एवढेच विचारा की सत्रागणिक पैसे घ्याल का, आणि प्रत्येक वेळी आकडे लिहून द्याल का. दोन्हींना नकार आला, तर दुसरीकडे पाहा.