इलेक्ट्रॉनिक ड्रमसाठी कोणत्या स्टिक्स घ्याव्यात?

डोंबिवलीचा ताशेवाला:
नमस्कार. मी सहा वर्षे ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो आहे. फ्लॅटमध्ये खरा ड्रमसेट ठेवणे शक्य नसल्यामुळे गेल्या महिन्यात जाळीचे पॅड आणि रबरी झांजा असलेला इलेक्ट्रॉनिक संच घेतला. ताशाच्या बारीक काड्यांची सवय असलेल्या हाताला त्यासोबत आलेल्या ५ए (स्टिकच्या जाडीचे एक माप) स्टिक्स जड वाटतात, शिवाय तीनच आठवड्यांत स्नेअरच्या (संचातल्या मुख्य ड्रमच्या) जाळीवर पांढरट ठिपके उमटले आहेत. दुकानदार नायलॉनच्या टोकाच्या, थोड्या बारीक ७ए घ्यायला सांगतो, तर मित्राच्या मते त्यामुळे आवाज बदलेल. कोणाचे ऐकावे?

वादक४२:
आवाजाची चिंता सोडून द्यावी. पॅडखालचा पिझो सेन्सर आघाताची कंपने टिपतो आणि त्यांच्या जोरानुसार मॉड्यूल (संचाचा आवाज काढणारा डबा) साठवलेला ध्वनी वाजवते. टोक लाकडाचे की नायलॉनचे, हे त्याला कळत नाही. खऱ्या धातूच्या झांजेवर नायलॉनचे टोक अधिक खणखणीत वाजते हे खरे, आणि आपल्या मित्राने बहुधा तेच ऐकलेले असावे. ठिपके म्हणजे बहुतेक वेळा लाकडाची भुकटी किंवा स्टिकचे वॉर्निश असते, ते घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसून पाहावे. पुसल्यावर जाळीचा धागा विस्कटलेला दिसला, तर मात्र टोकाला कुसळ निघाले आहे असे समजावे. एका जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून टोक हलकेच फिरवा. धागा अडकला, तर ती स्टिक जाळीवर टेकवू नका.

शांत_शेजारी:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण नायलॉनलाही निर्दोष मानू नये. साच्यातून निघालेल्या काही टोकांवर जोडाची बारीक रेघ राहते, ती नखाला लागते आणि जाळी घासते. त्याहून वाईट म्हणजे टोक सैल होऊन वाजवता वाजवता उडते आणि पुढचा आघात उघड्या लाकडाच्या खुंटाचा बसतो. माझी टॉमची (स्नेअरशेजारच्या ड्रमची) जाळी अशीच गेली, तेव्हापासून मी दर आठवड्याला टोक पिळून पाहतो.

जाडीविषयी: ५ए साधारण १४.४ मिलिमीटर आणि ७ए साधारण १३.७ मिलिमीटर असते, जरी प्रत्येक कंपनीचे माप थोडे वेगळे निघते. फरक कागदावर नगण्य वाटतो, तो बोटांना लगेच कळतो. त्याच जाडीची मेपलच्या लाकडाची स्टिक हिकरीच्या लाकडापेक्षा हलकी असते; मात्र हिकरी धक्का चांगला शोषते, आणि रबरी झांजेवर मनगटाला बसणारा धक्का जाळीपेक्षा बराच कडक असतो. पथकातल्या जोराने वाजवणार असाल, तर मी हिकरीची ७ए सुचवेन. पुढे खऱ्या ड्रमसेटवर बसायचे असेल, तर ५एची सवय ठेवणेच बरे. तिथे वापरलेली जोडी मात्र इथे आणू नये, कारण झांजेच्या कडेने तिचा दांडा चिरलेला असतो. धातूच्या आणि कार्बनच्या स्टिक्स तर जाळीपासून दूरच ठेवाव्यात.

वादक४२:
एक राहिले. शेजाऱ्यांना ऐकू जाणारा धप्प आवाज बहुधा किकच्या (पायाने वाजवायच्या ड्रमच्या) पेडलचा असतो आणि तो जमिनीतून जातो. स्टिक बदलून तो थांबणार नाही.

डोंबिवलीचा ताशेवाला:
मोजा उजव्या स्टिकला अडकला, डाव्या स्टिकला नाही. उजवा हात सतत हाय-हॅटच्या (पायाने उघड-बंद होणाऱ्या झांजेच्या) कडेवर असतो, त्यामुळे दांडा तिथे खडबडीत झाला आहे आणि टोकालाही एक कुसळ आहे. ठिपके पुसले गेले, एका जागी मात्र धागा किंचित विस्कटला आहे. आज लाकडी टोकाच्या हिकरी ७एची जोडी आणली. काउंटरच्या काचेवर लोळवून पाहिल्या तेव्हा पहिल्या तीन जोड्यांमध्ये एक तरी स्टिक डुगडुगत होती, चौथी जोडी सरळ निघाली.