लिपोसोमवर अँटिबॉडी लावलेले केमो कुठे मिळते का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, अंडाशयाचा कॅन्सर दोन वर्षांनी उलटलाय. आता दर २८ दिवसांनी लाल रंगाचे सलाईन लागते, लिपोसोमल डॉक्सोरुबिसिन. 'लिपोसोमल' हा शब्द आमच्या घरी २०२१ पासून पाठ आहे. काळ्या बुरशीच्या वेळी भाऊजींच्या लिपोसोमल ॲम्फोटेरिसिनसाठी मी कराड, सांगली, कोल्हापूर पालथे घातले होते. तीन दिवसांत चार कुप्या मिळाल्या, त्याही चार दुकानांतून.

तर आता भाचा म्हणतो, या औषधाच्या कणांना अँटिबॉडी चिकटवलेला नवा प्रकार निघालाय. तो म्हणे थेट कॅन्सरच्या पेशीकडेच जातो, बाकी अंगाला धक्का नाही. आक्काचे तळहात-तळपाय दुसऱ्या डोसनंतर लालबुंद झालेत. चपाती लाटता लाटता लाटणे टाकून देते. हा प्रकार मुंबईत कुठे मिळतो का? पैशाचे आम्ही बघू.

जुना फॉर्म्युलेशनवाला

ताई, आधी सरळ उत्तर देतो: नाही मिळत. मुंबईत नाही, अमेरिकेतही नाही. अँटिबॉडी लावलेल्या लिपोसोमचे एकही कॅन्सरचे औषध आजवर मंजूर झालेले नाही. मी निवृत्त माणूस, नोकरीतली नऊ वर्षे लिपोसोमच बनवले, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आक्कांना मिळते ते औषध म्हणजे चरबीच्या दुपदरी पडद्याचे फुगे, यांनाच लिपोसोम म्हणतात. एकेक साधारण १०० नॅनोमीटरच्या आतबाहेर. केसाच्या जाडीत हजारभर रांगेने बसतील. फुग्यात आधी अमोनियम सल्फेट भरतात, मग बाहेरून डॉक्सोरुबिसिन सोडले की ते आपसूक आत ओढले जाते आणि तिथेच त्याचे स्फटिक होतात. एका फुग्यात दहा हजारांच्या वर रेणू. ही करामत जेरुसलेमच्या बारेनहोल्झ आणि गॅबिझोन यांची. औषध १९९५ साली अमेरिकेत मंजूर झाले. वरून पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे केसाळ आवरण असते, म्हणून यकृतातल्या भक्षक पेशी त्याला लगेच गिळत नाहीत आणि ते दिवसचे दिवस रक्तात फिरते. गाठीतल्या रक्तवाहिन्या फटींच्या असतात, तिथे झिरपते. पण तळहातावर दाब आणि घर्षण पडले की तिथेही झिरपते. लाटणे का टाकावे लागते ते यात आले.

आता अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक खूण ओळखून तिला चिकटणारे प्रथिन. सगळ्यांना वाटते, पाकिटावर पत्ता घातला की पत्र घरी पोचणार. अहो, फुग्याला ना पाय ना इंजिन, रक्त नेईल तिकडे तो जाणार. सॅन फ्रान्सिस्कोच्या गटाने २००६ साली उंदरांवर हेच मोजले. अँटिबॉडी असो वा नसो, गाठीत पोचलेले औषध तेवढेच! फरक पडला तो पोचल्यानंतर. साधे फुगे पेशींच्या अवतीभवती आणि भक्षक पेशींत अडकले, अँटिबॉडीवाले कॅन्सरच्या पेशीच्या आत शिरले. म्हणजे अँटिबॉडी ही दाराची किल्ली आहे, गाडीचा ड्रायव्हर नव्हे. तो पेपर वाचून आमच्या लॅबमध्ये दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नव्हते.

तरी किल्लीचाही उपयोग होईल म्हणून माणसांवर चाचण्या झाल्या. एमएम-३०२ नावाच्या औषधात डॉक्सोरुबिसिनच्या फुग्यावर हर२ (स्तनाच्या काही कॅन्सरच्या पेशींवर भरपूर असणारे प्रथिन) ओळखणारे अँटिबॉडीचे तुकडे लावले होते. अख्खी अँटिबॉडी लावली तर तिच्या शेपटीला धरून भक्षक पेशी फुगा उचलतात, म्हणून तुकडे. स्तनाच्या कॅन्सरवरची ती चाचणी २०१६ च्या डिसेंबरात थांबवली, कारण तुलनेच्या उपचारापेक्षा सरस ठरण्याची चिन्हे दिसेनात. ते हर२ साठीच होते, आक्कांच्या आजाराचे नव्हेच.

स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या डॉक्टरांनीही ईजीएफआर (कॅन्सरच्या काही पेशींवरचे असेच दुसरे प्रथिन) ओळखणारा प्रकार केला होता. २०१२ साली त्याचे पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष आले: २६ रुग्ण, आणि हातापायांचा हा त्रास कोणालाच दिसला नाही. हे लपवून ठेवणे बरे नाही म्हणून सांगतो, पण २६ माणसांवरून औषध ठरत नाही.

सडेतोड

कंपन्या दाबून ठेवतात हो असली औषधे. पेशंट बरा झाला तर धंदा कसा चालणार?

जुना फॉर्म्युलेशनवाला

दाबली नाहीत, आपटली. कंपनीचे पैसे बुडाले त्यात.

डे-केअरची सिस्टर

ताई, औषधाचे राहू द्या, हातापायांचे बघा आधी. पुढच्या डोसच्या आधी डॉक्टरांना तळवे दाखवाच. फोड आले असतील तर डोस पुढे ढकलतात किंवा कमी करतात. बायका उगीच हात झाकून बसतात, 'केमो थांबेल' म्हणून. सलाईन चालू असताना तळव्यांना थंड पॅक ठेवता येतील का विचारा, आम्ही ठेवतो. त्यानंतरचे काही दिवस गरम पाण्याची भांडी नकोत, कपडे पिळणे नको, घट्ट चपला नकोत. साधी मॉइश्चरायझर क्रीम नुसती लावायची, चोळायची नाही! आणि लाटणे मुळीच नको.

कृष्णाकाठची

सिस्टर, आक्काने खरंच हात झाकले होते. काका, भाच्याला तुमचे दाखवले. तो म्हणतो त्याने वाचलेले औषध अंडाशयाच्याच कॅन्सरचे होते आणि अमेरिकेत मंजूर आहे. मग?

जुना फॉर्म्युलेशनवाला

मग त्याने वाचले ते मिर्वेटुक्सिमॅब असणार. २०२२ च्या नोव्हेंबरात मंजूर झाले. त्यात फुगा नाहीच. अँटिबॉडीलाच औषधाचे तीन-चार रेणू थेट बांधलेले असतात. फुग्याच्या मानाने माल नगण्य, पण विष जहाल आणि आकार लहान, त्यामुळे गाठीत खोलवर जाते. शर्यत जिंकली ती याच जातीने. 'अँटिबॉडी लावलेले केमो' हे वर्णन दोन्हींना लागू पडते म्हणून भाचा फसला, त्यात त्याचा दोष नाही.

पण ते सरसकट नाही. प्लॅटिनमच्या औषधांना (कार्बोप्लॅटिन वगैरे) दाद न देणारा आजार हवा आणि पेशींवर फोलेट रिसेप्टर अल्फा नावाचे प्रथिन भरपूर हवे. शिवाय डोळ्यांना त्रास होतो, थेंब घालत राहावे लागतात. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: आक्कांचा आजार प्लॅटिनमला दाद देणारा धरलाय की न देणारा, आणि ऑपरेशनच्या वेळच्या ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यावर) या रिसेप्टरची तपासणी करता येईल का. ब्लॉक ऑपरेशन झाले त्या हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजीत असतो, मागितला की देतात.

कृष्णाकाठची

दोन्ही प्रश्न वहीत लिहून घेतले. ब्लॉकचे सोमवारी विचारते. भाच्याला आज चपात्या लाटायला बसवलाय, पहिल्या दोन नकाशे झाल्या.