आकडा वाढला म्हणजे औषध फेल गेलं असं नाही

वर एकाने लिहिलंय की जगात एचआयव्हीवाले ४ कोटींच्या घरात गेले म्हणजे औषधांचा उपयोग शून्य. आकडा बरोबर आहे भाऊ पण अर्थ उलटा लागला. आधी लोक मरायचे, आता गोळ्यांवर जगतात म्हणून एकूण आकडा वाढलेला दिसतो. नवीन लागण बघा ना, नव्वदच्या दशकात वर्षाला ३० लाखांच्या वर होती, २०२३ मध्ये १३ लाखांच्या आसपास. अन् सगळीकडे सारखं नाही, निम्म्याहून जास्त लोक पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत, तिथल्या एस्वातिनी या छोट्या देशात चार मोठ्या माणसांमागे साधारण एकाला, आपल्या देशात हजारात दोघांना.

पण हजारात दोघं म्हटलं तरी देशात २५ लाखांच्या आसपास होतात, अन् ते आपल्याच गावात राहतात. आमच्या यवतमाळकडे नात्यातली एक काकू आहे, सरकारी सेंटरमधून गोळ्या फुकट मिळतात, रोज एकच घ्यायची, तरी ती जवळचं सेंटर सोडून पार दुसऱ्या जिल्ह्यात जाते, वेचणीची मजुरी बुडवून, सकाळच्या पहिल्या एसटीने, का तर गावातलं कोणी तिथे दिसलं तर. घरी आली की आधी डबीचं लेबल खरडून काढते. तिचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, इतका खाली आहे की तपासणीत सापडतच नाही, म्हणजे संबंधातूनही तिच्यापासून कोणाला लागण होत नाही, तरी पाहुण्यांकडे तिचा कप वेगळा ठेवतात, खूप राग येतो. कपाने हा रोग कधीच पसरत नाही. कोणाला शंका असेल तर सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट होते, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रिपोर्ट गुप्त ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.