संकल्प उन्हाळ्यातही टिकतील असे कसे ठरवायचे?

मनीषनगरवाला: नवीन वर्षासाठी तीन गोष्टी ठरवायच्या आहेत. चालणं, बचत आणि वाचन. ऑफिस नागपूरच्या मिहानमध्ये, १० ते ६:३०, पगार १ तारखेला. आकडे सांगा राजेहो, नुसतं 'मनावर घ्या' नको.

उन्हातान्हात: 'रोज एक तास चालणार' हे नागपुरात बारा महिने जमतच नाही. जानेवारीत पहाटे पारा १० च्या आसपास असतो, तर मे महिन्यात दुपारी ४५. तेव्हा रोजचा तास सोडा, आठवड्याची १५० मिनिटं धरा. जागतिक आरोग्य संघटनेची किमान शिफारस तेवढीच आहे, म्हणजे ३० मिनिटं, पाच दिवस. वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

वेळ मात्र ऋतूप्रमाणे आधीच लिहून ठेवा. फेब्रुवारीपर्यंत सकाळी ७, मार्चमध्ये ६, एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत ५:१५. संकल्प मोडतो तो बहुतेक इथेच: थंडीतली ७ ची वेळ एप्रिलमध्येही तशीच राहते आणि माणूस दहा मिनिटांत घामाघूम होऊन परततो. उन्हाळ्यात संध्याकाळ धरू नका, सिमेंटचे रस्ते दिवे लागल्यावरही वाफ सोडत असतात. पावसाळ्यात जिना किंवा इमारतीखालचं पार्किंग.

सुरुवात १५ मिनिटांनी, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. एकदम तासभर चाललात तर नडगी आणि टाच दुखणार. फुटाळा, अंबाझरी हे तलाव रविवारसाठी ठेवा. मनीषनगरहून गाडीने जाण्यायेण्यातच चालण्याइतका वेळ जातो. (येताना तर्री पोहे खा, पण मग 'वजन का उतरत नाही' असा वेगळा धागा काढू नका.)

हिशेबी: 'उरेल ते टाकू' म्हटलं की उरत नाही. मागच्या तीन महिन्यांचं पासबुक काढा. समजा शेवटी ६,२००, २,९०० आणि ४,८०० शिल्लक होते, तर सरासरी काढू नका, सगळ्यात कमी आकडा धरा आणि २,५०० ची आरडी (दरमहा ठरावीक हप्त्याची आवर्ती ठेव) लावा. वर्षाची मुद्दल ३०,००० होते. बँकेची १२ महिन्यांची घ्या, पोस्टाची पाच वर्षांची असते. हप्ता ५ तारखेला ठेवा, १ ला नको. सुट्टी आली, पगार दोन दिवस लांबला की हप्ता चुकतो आणि वर दंड.

आरडी मध्येच मोडावी लागते ती ठरलेल्याच खर्चांपायी: जूनची शाळेची फी, गाडीचा विमा, कूलरच्या ताट्या, उन्हाळ्यातलं विजेचं बिल, लग्नांचे आहेर. या सगळ्यांची बेरीज करा, १२ ने भागा, ती रक्कम दुसऱ्या खात्यात टाका. आणि क्रेडिट कार्डाचं देणं थकलं असेल तर आधी ते फेडा. तिथलं व्याज आरडीच्या कितीतरी पट असतं.

पानोपानी: वाचनाला पुस्तकांचा आकडा नको, पानांचा ठेवा. रोज १० पानं, म्हणजे २०० पानांचं पुस्तक २० दिवसांत. खाडे धरूनही वर्षाला बारा होतात. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला.

मनीषनगरवाला: तिन्ही एकदमच सुरू करू का? नोंद कुठे ठेवायची, एखादं ॲप आहे का?

उन्हातान्हात: ॲप कशाला जी! स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब लिहिता, त्याच चौकोनात चालल्याचं टिंब. पेन दोऱ्याने तिथेच बांधा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात पेनच सापडत नाही. आरडी एकदा लावली की तिच्याकडे पाहायचं काम नाही, ती आधी उरका. चालणं जानेवारीत, वाचन संक्रांतीनंतर. मार्च लागताच, गुढीपाडव्याला आणि मृगाला चालण्याची वेळ बदला. एखादा दिवस हुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट चालू नका. लागोपाठ तीन चौकोन रिकामे दिसले तर मात्र वेळ चुकीची आहे असं समजा आणि ३० ची २० मिनिटं करा.

हिशेबी: आरडी ऑनलाइन लावताना मुदत संपल्यावर पैसे बचत खात्यात येणार की आपोआप पुन्हा गुंतणार, तो पर्याय बघून घ्या. घाईत नेमका तोच राहतो.